वाचकांचे प्रश्न : कणीचं पोतं आणि डाकारचं जेवण

बंदी घालताना आपला तांदूळ खाणाऱ्या आफ्रिकेतल्या लोकांचाही विचार करा, अशा चार ओळी गेल्या महिन्यात तांदळाच्या निर्यातबंदीविषयी मी या पानावर लिहिल्या आणि एवढी पत्रं आली, की या वेळी दुसरा विषय घ्यायचा नाही असं ठरवलं. त्यांतली चार निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की १९८४ ते २०२३ मी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या तांदूळ निर्यात करणाऱ्या एका पेढीत कागदपत्रं बघत होते. माझे वडील नाना पेठेच्या भुसार बाजारात हमाल होते.

प्रश्न : ताई, देशात भाव चढले तर सरकारने आधी आपल्या माणसांचं बघायचं की आफ्रिकेतल्या? मी बँकेतून निवृत्त झालो, घर पेन्शनवर चालतं. तांदूळ किलोमागे दोन रुपयांनी वाढला तरी मला जाणवतं. २०२२ आणि २०२३ मध्ये निर्यात थांबवली ती योग्यच होती. तुम्ही 'त्या लोकांचाही विचार करा' असं लिहिलंत, ते पटलं नाही.
एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, आधी आपल्या घरचं ताट, हे मलाही मान्य आहे. वडिलांनी शंभर किलोची पोती पाठीवर वाहिली ती आमचं ताट भरावं म्हणूनच. पण तुम्ही बंदी वाण्याच्या दुकानातून बघितलीत, मी ती बंदराच्या फाटकापाशी बघितली. तिथून काय दिसलं ते सांगते.

८ सप्टेंबर २०२२, गुरुवार. आमचे कणीचे, म्हणजे तुटक्या तांदळाचे, आठ कंटेनर सेनेगलच्या राजधानीला, डाकारला निघाले होते. गोंदियाच्या मिलचा माल, ५० किलोची ४,००० पोती, म्हणजे २०० टन. संध्याकाळी आदेश आला की उद्यापासून कणीची निर्यात बंद. ज्यांचा माल जहाजात चढायला लागलाय किंवा आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेलाय, त्यांना थोड्या दिवसांची मुभा होती. आमचे पाच कंटेनर आत गेले होते. तीन न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत उभे होते. पाच सुटले, तीन परत फिरले. एकाच मिलचा, एकाच दिवशी भरलेला, एकाच एल.सी.वरचा, म्हणजे बँकेच्या एकाच हमीपत्रावरचा माल.

कणी म्हटलं की आपल्याला आजारपणातली पेज आठवते, कण्यांचा भात आठवतो, नाहीतर कोंबड्यांचं खाद्य. सेनेगलमध्ये मात्र लोक ती मागून घेतात. त्यांच्याकडे मासळी, भाज्या आणि टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला चेबुजेन नावाचा भात असतो. दुपारी सगळं घर एका मोठ्या परातीभोवती बसून तो खातं. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या रश्शाला तुटका दाणाच लागतो, तो रस पिऊन घेतो. तांदूळ तिकडे पूर्वीपासून पिकत होता, पण तुकड्याची सवय फ्रेंच राज्यात लागली. शेतकऱ्याला शेंगदाणा लावायला सांगितलं आणि त्याच्या पोटासाठी इंडोचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडच्या, मिलमधला तुकडा आणून दिला. शेंगदाण्याचं तेल फ्रान्सला गेलं, तुकडा डाकारच्या चुलीवर राहिला. फ्रेंच गेल्यावर तो थायलंडहून येत राहिला, आमच्या काळात गोंदियाहून जाऊ लागला.

डाकारच्या व्यापाऱ्याकडे माझ्यासारखाच कागद बघणारा एक माणूस होता. अकरा वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो, एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही. त्या रात्री मी त्याला तीन कंटेनर येणार नाहीत असं सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, आधी का नाही सांगितलंत?" मला स्वतःला कळून तीन तास झाले होते.

सरकारचं कारण खोटं नव्हतं, हेही सांगते. २०१९ मध्ये एप्रिल ते ऑगस्ट जेमतेम अर्धा लाख टन कणी बाहेर गेली होती, २०२२ च्या त्याच महिन्यांत २१ लाख टनांच्या वर गेली. कोंबड्यांचं खाद्य महागलं, इथेनॉलवाल्यांना माल मिळेना. पण ही वाढलेली कणी घेत कोण होतं? मोठा वाटा चीनचा होता, आणि तो जनावरांच्या खाद्यासाठी. आदेशाने चीनचं डुक्कर आणि डाकारचं घर एकाच फाटकाबाहेर उभं केलं. मला खटकलं ते हे. बंदी घालणाऱ्याला चाळणी वापरता आली असती, त्याने दार लावलं.

पुढच्या वर्षी, २० जुलै २०२३ ला, बिगरबासमती पांढरा तांदूळ बंद झाला. आता हिशेब बघा. जगात पिकणाऱ्या तांदळाचा दहातला साधारण एकच भाग देशाबाहेर विकला जातो, बाकीचा जिथला तिथे खाल्ला जातो. त्या एका भागातला चाळीस टक्के माल आपला. एवढ्या उथळ बाजारातून एवढा मोठा विक्रेता उठला की भाव उसळणारच. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा तांदळाच्या भावाचा निर्देशांक १५ वर्षांतल्या उच्चांकाला गेला. आणि तुमच्या कोथरूडला तांदूळ स्वस्त झाला का? नाही झाला. वाढ चालूच राहिली, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारला २९ रुपये किलोने 'भारत तांदूळ' विकायला काढावा लागला. तुमच्या पेन्शनला आधार मिळाला असेल तर तो गोदामातल्या साठ्यातून.

२००८ तर मला कायमचं लक्षात राहिलंय. त्या वर्षी जगात तांदळाचं पीक उत्तम होतं. पण गहू कमी पडेल या काळजीने आपण ऑक्टोबर २००७ मध्ये बिगरबासमती रोखला, मग व्हिएतनामने रोखला, इजिप्तने रोखला. फिलिपिन्स मिळेल त्या भावाने घ्यायला लागला. टनाला साडेतीनशे डॉलरच्या आत मिळणारा तांदूळ एप्रिल-मे २००८ मध्ये हजार डॉलरच्या घरात गेला. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत दंगे झाले, तिथल्या पंतप्रधानांना जावं लागलं. हे कशाने थांबलं माहीत आहे? जपानच्या गोदामांत दहा लाख टनांहून जास्त परदेशी तांदूळ पडून होता. व्यापार कराराप्रमाणे जपानला तो घ्यावाच लागतो, तिथले लोक तो फारसा खात नाहीत. तो फिलिपिन्सला सोडू, एवढी नुसती चर्चा सुरू झाली आणि भाव उतरायला लागला. एक दाणाही जहाजात चढला नव्हता.

आणि काका, आपणही घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहिलेलो आहोत. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन परदेशी धान्य इथे उतरलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. व्हिएतनामच्या युद्धावर आपण बोललो याचाही राग धरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू महिन्यामहिन्याच्या मापाने सोडत होते. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. भवानी पेठेतल्या रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभी राहायचे. मिलो मिळायची, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी. आईच्या हाताला भाकरीची इतकी सवय, पण मिलोचं पीठ चिकटपणा धरायचं नाही, थापतानाच कडा फुटायच्या. ती तुकडे तव्यावर जोडून भाजायची. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये रशियाने गाजावाजा न करता अमेरिकेचा सुमारे एक कोटी टन गहू उचलला होता, आणि आपण बाजारात गेलो तेव्हा भाव चढलेला होता. पुढे १९७३ मध्ये रशियानेच वीस लाख टन गहू आपल्याला उसना दिला. घेणारा पैसे घेऊन उभा असतो आणि मालच नसतो, ही अवस्था मी पिशवी धरून बघितली आहे. म्हणून मी तसं लिहिलं.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. जागतिक व्यापार संघटनेचे नियम आपल्या रेशनच्या विरोधात आहेत असं क्लासमध्ये सांगतात. मग तेच नियम निर्यातबंदीबद्दल काही म्हणत नाहीत का?
एक विद्यार्थिनी, नवी पेठ

उत्तर : म्हणतात, पण फार हळू आवाजात. तुझ्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांना लागून आहेत, ते तू बरोबर पकडलंस.

१९९४ साली मोरोक्कोतल्या मराकेशला करार झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून संघटना सुरू झाली. त्यात आयातकराचं काम अगदी घट्ट आहे. प्रत्येक देशाने वस्तूवार लिहून दिलंय की या मालावर यापेक्षा जास्त कर लावणार नाही. निर्यात थांबवण्याचं कलम मात्र १९४७ च्या गॅट या जुन्या व्यापार करारातलं. एरवी बंदी घालायची नाही, पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालेल. 'गंभीर' म्हणजे किती, 'तात्पुरती' म्हणजे किती महिने, कुठेच लिहिलेलं नाही. शेती कराराच्या बाराव्या कलमाने एवढी भर घातली, की बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितक्या आधी लेखी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या धान्याचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. म्हणजे तांदळाच्या बाबतीत आपल्याला हे कलम लागू आहे. डाकारचा माणूस मला जे म्हणाला ते या कलमात आधीपासून लिहिलेलं आहे! पण पाळलं नाही तर काय, याचं उत्तर त्यात नाही. जून २०२२ मध्ये जिनिव्हाला सगळ्यांनी एक चांगली गोष्ट मान्य केली. जागतिक अन्न कार्यक्रम भुकेल्यांसाठी जे धान्य विकत घेतो, त्यावर निर्यातबंदी लावायची नाही. याच्या पुढे कोणी गेलं नाही.

रेशनचं कोडं वेगळं आहे. नियम रेशन वाटू नका असं म्हणत नाहीत. स्वस्त धान्य गरिबाला देणं चालतं. अडतं ते हमीभावाने खरेदी करण्यावर. हमीभाव आणि जुना संदर्भभाव यांतला फरक 'अनुदान' धरतात आणि ते त्या पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. हा संदर्भभाव कोणत्या वर्षांचा? १९८६ ते १९८८ चा. मी नोकरीला लागून दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाचा. त्या वेळचा पुण्यातला बसचा पास, डाळीचा भाव आठवून बघायला घरच्या मोठ्यांना सांग, मग हे गणित किती अन्यायाचं आहे ते कळेल. महागाई धरली तर आपण मर्यादेत असू, न धरली तर बाहेर जातो. म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये बालीला संघटनेच्या बैठकीत 'शांतता कलम' मिळवलं. कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा साठ्यावरून कोणी तक्रार करायची नाही. तांदळासाठी भारताने ते पहिल्यांदा वापरल्याचं २०२० मध्ये कळवलं. कायमचा तोडगा अजून नाही. २०२४ मध्ये अबुधाबीच्या बैठकीतही शेतीवर काही निघालं नाही.

मला विचारशील तर साठा करण्याच्या हक्कासाठी भारताने भांडलंच पाहिजे, मागे हटू नये. आपल्या कायद्याने सुमारे ८० कोटी माणसांना धान्य मिळतं, बहुतेकांना महिन्याला माणशी पाच किलो, ते याच साठ्यातून. पण शांतता कलमाची एक अट आहे, की या साठ्याने दुसऱ्यांचा बाजार बिघडवायचा नाही. ती आहे म्हणून साठ्यातलं धान्य अडचणीतल्या देशाला सरकार ते सरकार विकणंही अवघड होतं. भारताने ही मुभा मागितली होती. माझ्या मते ती सगळ्यात शहाणपणाची मागणी होती.

परीक्षेसाठी आणखी एक लक्षात ठेव. मराकेशलाच एक निर्णय झाला होता, अतिगरीब आणि अन्न आयात करणाऱ्या विकसनशील देशांसाठी. श्रीमंत देशांनी अनुदानं कमी केली की धान्य महागेल, त्याचा फटका या देशांना बसेल, हे तेव्हाच कबूल केलेलं होतं. इजिप्त, श्रीलंका, मोरोक्को हे त्या यादीतले. अन्नमदत मिळेल, कर्जाची सोय बघू, असं लिहिलं. त्यासाठी वेगळा निधी मात्र उभा राहिला नाही.

प्रश्न : हे देश स्वतःच्या पोटापुरतं का पिकवत नाहीत? आपण हरितक्रांती केली, त्यांनी का केली नाही?
एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : बाई, काहींना जमिनीने पिकवू दिलं नाही, काहींना बाजाराने.

इजिप्तचं बघा. नाईलचा काठ सोडला की वाळवंट. दहा कोटींवर माणसं आणि शेताची पट्टी तेवढीच. तिथे भाकरीला 'ऐश' म्हणतात, त्याच शब्दाचा अर्थ जगणं. रेशनची ती भाकरी १९८८ पासून पाच पियास्त्राला होती (शंभर पियास्त्रांचा एक इजिप्शियन पौंड), जून २०२४ मध्ये वीस केली. पस्तीस वर्षं त्या किमतीला एकाही सरकारने हात लावला नव्हता, कारण हात लावण्याची भीती होती. गहू बहुतेक रशिया आणि युक्रेनचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, काळ्या समुद्रातली बंदरं अडली. जुलैत इस्तंबूलला करार झाल्यावर जहाजं पुन्हा सुटली. वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन धान्य त्या वाटेने गेलं आणि जुलै २०२३ मध्ये करार संपला. युक्रेनचा गहू अडला तेव्हा इजिप्तने आपल्याकडे विचारणा केली होती. १३ मे २०२२ ला आपण गहू बंद केला. त्या मार्च-एप्रिलमधल्या उन्हाने पंजाबचा दाणा बारीक पडला होता, ते कारणही खरंच होतं.

हैतीची गोष्ट वेगळी आणि जास्त वेदनेची. हैती एकेकाळी आपल्या गरजेचा बराचसा तांदूळ स्वतः पिकवत होता. १९९५ मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या दबावाखाली तांदळावरचा आयातकर ३ टक्क्यांवर आणला. अमेरिकेचा, विशेषतः आर्कान्सा राज्याचा अनुदानाचा तांदूळ स्वस्तात उतरला, आर्तिबोनित खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा माल विकेना. माणसं शेती सोडून राजधानीला, पोर्ट-ओ-प्रिन्सला आली. आर्कान्सा ज्यांचं राज्य, ते बिल क्लिंटन २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे म्हणाले, की माझ्या शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं असेल, पण ती चूक होती.

यात एक गंमत नाही, दुःख आहे. व्यापार संघटनेच्या नियमांनी हैतीला याहून बराच जास्त कर लावायची मोकळीक होती. हात बांधले ते कर्जाच्या अटींनी. स्वस्त धान्य आयात करा, तुमचं पीक महाग पडतं, हा सल्ला देणाऱ्यांनी २००८ मध्ये तेच धान्य हजार डॉलरला गेलं तेव्हा त्याची जबाबदारी घेतली नाही. आपल्या हरितक्रांतीमागे हमीभाव होता, अन्न महामंडळ होतं, कालवे होते आणि बाहेरचा माल रोखायची मुभा होती. यांतलं हैतीकडे काय शिल्लक ठेवलं होतं, ते मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : आमची मंचरजवळ चार एकर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि आमचा भाव निम्म्यावर आला. तुम्ही परदेशातल्या गरिबांचं लिहिता, आमचं कोण लिहिणार?
एक शेतकरी, आंबेगाव तालुका

उत्तर : दादा, तुमचंच लिहिते आहे. फाटकाच्या आतल्या बाजूला तुम्ही, बाहेरच्या बाजूला तो डाकारचा माणूस, आणि तक्रार दोघांची एकच.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान भाव, डिसेंबरात बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठवली, ती ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे वीस महिने तुम्हाला पुढचा महिना कसा असेल ते कळत नव्हतं. कांदा लावण्याचा निर्णय घेऊन काढणी होईपर्यंत पाच महिने जातात, आदेश बदलायला एक रात्र पुरते.

बांगलादेश बरीच वर्षं आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच बंदी आली. पंधरवड्याच्या आत तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. सगळ्यांसमोर त्या हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला सांगितलंय, कांदा घालू नको. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता. त्यानंतर त्यांनी खरंच दुसरीकडून आणला, आणि स्वतःची लागवडही वाढवली. तुमचा भाव त्यातही गेला.

माझं मत स्पष्ट सांगते. टंचाईत निर्यातीवर लगाम घालायचा अधिकार सरकारकडे असावा. पण आधी तीस दिवसांची सूचना, करार झालेला माल सुटू देणं, शेजारी आणि अतिगरीब देशांसाठी ठरलेला कोटा पहिल्याच आदेशात लिहिणं, आणि बंदीच्या काळात तुमचा कांदा खर्चाच्या वर सरकारने उचलणं, एवढं व्हायला हवं. कोटा देता येतो, हे २०२३ मध्ये सेनेगल, गांबियाला दिलेल्या कणीने सिद्ध झालंय. फक्त तो मागणी आल्यावर, काही महिने उशिरा दिला.

आदेश निघाले त्या तारखा माझ्याकडे आहेत. त्या त्या तारखेला तुमच्या बराखीत किती कांदा होता, किती सडला आणि उरलेला कोणत्या भावाने गेला, ते मला लिहून पाठवा. जुन्नर आणि आंबेगावच्या आणखी शेतकऱ्यांकडूनही मी ते मागवते आहे. बाजार समितीच्या पट्ट्या ठेवल्या असतील तर त्यांच्या प्रती जोडा, मूळ कागद पाठवू नका.